छत्रीला रंग

श्रीवर्धनला मामांच्या घरी न्हाणीघराच्या स्लॅबवर एक छत्री आहे. पावसाची नव्हे, टीव्हीची. तिला डिश म्हणतात ते मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेले. गावात सगळे छत्रीच म्हणतात. आधीची छत्री ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळात गेली. कौलं, सुपारीची झाडं आणि छत्री, सगळं एकाच दुपारी. ही त्यानंतर आणलेली, म्हणजे वयाने तशी लहानच. पण समुद्रकाठी पत्र्याचं वय वेगळं मोजावं लागतं.

गांधी जयंतीच्या सुट्टीला गेलो, तेव्हा पावसाने चांगली उघडीप दिली होती. स्लॅबवर चढून छत्रीवर हात फिरवला तर तळवा पांढरा झाला, शाळेत फळा पुसल्यावर व्हायचा तसा. मागच्या बाजूने हात फिरवला तर तोच तळवा विटकरी. एकाच पत्र्याला दोन बाजूंनी दोन दुखणी जडली होती, आणि त्यामागे कारणही होतं. मामांकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. तिचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. श्रीवर्धनहून तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे दिसला असता तर क्षितिजापासून ५८ अंशांवर दिसला असता. त्यामुळे छत्रीचं तोंड कायम आग्नेयेला आणि पाठ समुद्राकडे. तोंडावर सकाळपासून ऊन. उन्हातले अतिनील किरण रंगातलं राळेसारखं बांधणारं द्रव्य हळूहळू तोडतात, आणि त्यात अडकलेले पांढऱ्या रंगद्रव्याचे कण सुटे होऊन भुकटी होते. पाठीवर खारा वारा. छत्री मागे रेललेली असल्यामुळे पाठीचा भाग खाली वळलेला. तिथे पाऊस नीट पोचत नाही आणि साचलेलं मीठ धुऊन जात नाही. कोकणात ज्यांच्या दाराला लोखंडी ग्रिल आहे, त्यांना हे सांगायला नको: पाऊस झोडपतो तो भाग टिकतो, आडोशाचा आधी गंजतो.

रंगवू या, म्हटलं. मामा तयारच होते. फाटक रंगवून उरलेला चंदेरी रंगाचा अर्धा डबा त्यांनी पडवीतून काढलासुद्धा. तेवढ्यात गडग्यापलीकडून शेजारचे तात्या म्हणाले, "अहो, रंग मारलात की सिग्नल गेला म्हणून समजा. थर बसल्यावर लहरी आत जाणार कुठून?"

शंका रास्त होती, पण तिच्यात एक घोटाळा होता. लहरींना छत्रीच्या आत जायचंच नसतं. छत्री काही घेत नाही, ठेवत नाही. तिला वीज लागत नाही, की तिच्यात काही यंत्र नसतं. ती आरसा आहे. उपग्रहाकडून आलेल्या लहरी तिच्यावर आपटून उलट्या फिरतात आणि तिच्या वळणामुळे सगळ्या एका ठिकाणी, दांड्याच्या टोकावरच्या एलएनबी नावाच्या लहरी पकडणाऱ्या डबीच्या तोंडाशी जमतात. एवढ्या लांबून येणारी लहर इतकी क्षीण असते, की नुसत्या एलएनबीला ती जाणवणारही नाही. साठ सेंटीमीटरच्या छत्रीने ती शेकडो पट होते. हे सगळं काम आकाराचं आहे. पत्रा वळणात राहिला, की छत्रीची नोकरी झाली.

आता आरसा म्हटलं की आपल्याला गुळगुळीत, चकचकीत काच आठवते, आणि ही छत्री तर खरबरीत. पण गुळगुळीत कशाला म्हणायचं हे लहर ठरवते. फ्री डिशच्या लहरी साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या. त्यांची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर. डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मी. पॉलिश पेपरने घासलेला पत्रा उजेडाला डोंगराळ मुलूख वाटतो; अडीच सेंटीमीटरच्या लहरीला तोच पत्रा तळ्याच्या पाण्यासारखा सपाट. उलट दोन मिलिमीटरचा पोचा आपल्याला पटकन दिसतही नाही, लहरीला मात्र तो टोचतो.

किती टोचतो, हे मांडणारं सूत्र जॉन रूझ या अमेरिकी अभियंत्याचं. अँटेना बांधणारे लोक ते अजून वापरतात. त्यात आपल्या छत्रीचे आकडे घातले तर असं दिसतं: सगळा पृष्ठभाग सरासरी एक मिलिमीटरने वेडावाकडा असेल, तर जमणाऱ्या शक्तीपैकी पाचवा हिस्सा वाया जातो. दोन मिलिमीटरने असेल, तर जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणून शिडी टेकवताना छत्रीला धक्का लागणं, तिच्यावर झावळी पडणं किंवा कुणी ती धरून स्लॅबवर चढणं ही खरी संकटं. भुकटी आणि विटलेला रंग यांचं तिला काही नाही.

मग रंगाचा थर? हिशेब सोपा आहे. अशा ऑइल पेंटचा एक लिटर साधारण दहा चौरस मीटरला एक हात पुरतो. म्हणजे ओला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. त्यातलं थिनर उडून गेलं की उरतो जेमतेम निम्मा. प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन धरले तरी सगळं मिळून वहीच्या दीड कागदाएवढी जाडी. लहर अडीच सेंटीमीटरची, थर दीड कागदाचा.

शिवाय तो थर अशा जागी असतो, जिथे लहर जवळपास निपचित असते. दोरीचं एक टोक भिंतीतल्या खुंटीला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून हलवा. मधली दोरी नाचते, पण खुंटीपाशी ती जेमतेम थरथरते. धातूचा पत्रा विजेच्या लहरीची खुंटी असतो. लहर जिथे आपटते, त्या पृष्ठभागाला लागून तिचं विद्युत क्षेत्र जवळपास शून्यावर येतं. रंग नेमका तिथेच चिकटलेला. त्याला अडवायला काही सापडतच नाही.

आणि ती आपटते कशावर, तेही बघण्यासारखं आहे. इतक्या वेगाने थरथरणारी लहर धातूत एखाद-दोन मायक्रॉनपलीकडे शिरत नाही. घरगुती छत्र्या बहुतेक जस्त चढवलेल्या पत्र्याच्या असतात आणि त्या जस्ताचा थर याच्या कितीतरी पट जाड असतो. म्हणजे नव्या छत्रीत लहरीची लोखंडाशी गाठच पडत नाही. तिच्या लेखी ही छत्री जस्ताची.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. मामांच्या छत्रीला उजव्या कडेजवळ नारळाएवढा पोचा आहे, झावळीच्या देठाचा. मामा म्हणाले, लांबी (पुट्टी) भरून घासून घेऊ, मोटारीला करतात तसं. केलं असतं तर पोचा डोळ्याला दिसला नसता. लहर मात्र लांबीतून आरपार जाऊन खालच्या पत्र्यावर आपटली असती आणि पोचा तिच्यासाठी तसाच राहिला असता, वर रंगाच्या थराच्या कितीतरी पट जाड लांबी. पोचा काढायचा तर मागून लाकडी ठोकळा धरून हलक्या हाताने, आणि तोही जमेल तेवढाच. ठोकाठोक करून चार नवे पोचे पाडण्यापेक्षा एक जुना सांभाळलेला बरा. छत्रीच्या एकूण क्षेत्रात तो दोन-तीन टक्के भरतो. टीव्हीला कळतही नाही.

भोकांचंही असंच. पत्रा गंजून टाचणीएवढी छिद्रं पडली, तरी लहर त्यांतून निसटत नाही. छिद्र लहरीच्या लांबीच्या दहाव्या भागाहून लहान असलं की तिच्या लेखी ते नसतंच. हे पुणे जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर बघायला मिळतं. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या आहेत आणि त्यांत पत्रा नाहीच. बारीक स्टेनलेस तारेची जाळी, घरं एक ते दोन सेंटीमीटरची. खालून बघितलं तर पलीकडचं आभाळ दिसतं. ती दुर्बीण ऐकते त्यांतल्या आखूड लहरीसुद्धा वीसेक सेंटीमीटरच्या असतात, त्यामुळे त्यांना ही जाळी सलग भिंत वाटते. वाऱ्याला मात्र मोकळी वाट मिळते आणि एवढा डोलारा वादळात टिकतो. त्याच्याही आधी, १९७५-७६ साली, इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला, तेव्हाच्या तीन मीटरच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. त्या लहरी पस्तीस सेंटीमीटरच्या. मामांच्या अडीच सेंटीमीटरवाल्या लहरीने मात्र खुराड्याच्या जाळीतून पळ काढला असता.

तर रंग मारायला हरकत नाही. कोणता, हा प्रश्न उरतो. इथे मामांचा चंदेरी डबा मी बाजूला ठेवायला लावला, आणि कारण सिग्नलचं नव्हतं, उन्हाचं होतं.

छत्री रेडिओ लहरी गोळा करते, तशी ऊनही करू शकते. साठ सेंटीमीटरच्या छत्रीवर भर उन्हात सुमारे अडीचशे वॅट पडतात. हौशी लोक जुन्या छत्रीला आरशाचे तुकडे चिकटवून सूर्यचूल करतात, ती याच जोरावर. एरवी सूर्य उपग्रहाच्या दिशेला नसतो, त्यामुळे ऊन भलतीकडे परावर्तित होतं. पण वर्षातून दोनदा, आपल्याकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपता-संपता ते ऑक्टोबर लागता-लागता, काही दिवस सूर्य रोज थोडा वेळ थेट उपग्रहाच्या पाठीशी येतो. तेव्हा छत्री जो उजेड परत फेकेल तो बरोबर एलएनबीच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत असेल, तर ते प्लॅस्टिक वितळू शकतं. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. तो आरसा नव्हे, पण त्या वाटेवरचा आहे. साधा मॅट रंग ऊन चहूकडे विखरून टाकतो. मोठ्या रेडिओ दुर्बिणींनाही पांढरा मॅट रंग देतात तो यासाठीच: उष्णता एका जागी गोळा होऊ नये आणि सांगाडा तापून वाकू नये.

आता नेहमीच्या चकचकीत पांढऱ्या ऑइल पेंटने एलएनबी वितळेल असं कुणी सांगितलं, तर घाबरू नये. त्याची चकाकी वरवरची. चार-पाच टक्केच उजेड ती आरशासारखा फेकते, बाकीचा विखुरतो. पांढऱ्या चकचकीत रंगाचा एक फायदाही आहे, धूळ कमी बसते आणि पाणी लवकर ओघळतं. मी फिकट राखाडी, अर्धवट मॅट घेतला. तो कपाटाच्या रंगासारखा दिसतो आणि मामींना आवडला नाही, पण दुकानात दुसरा नव्हता. काळा रंगही चालला असता. सिग्नलला फरक नाही. दुपारी हात लावता आला नसता, एवढंच.

रंग किती लागतो याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. दोन्ही बाजू मिळून छत्री भरते अर्ध्या चौरस मीटरहून थोडी जास्त, म्हणजे एका हाताला पेलाभरही रंग लागत नाही. दोनशे मिलिलिटरचा लहान डबा पुरून उरला. खरी मेहनत त्याआधीची.

सगळ्यांत आधी एलएनबीचं डोकं आणि खालचे वायरीचे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकले. एलएनबीच्या तोंडावरची टोपी लहरींसाठी पारदर्शक असते. ती उन्हाने पिवळी पडली, तडकली, तर बदलायची. रंगवायची कधीच नाही, चंदेरीने तर नाहीच नाही. मग छत्री गोड्या पाण्याने धुतली, दोनदा, पाठीकडून तर घासून. ही पायरी लोक गाळतात आणि दोन वर्षांत रंगाला फोड आले की दुकानदाराला दोष देतात. रंगाखाली राहिलेलं मीठ रंगाच्या थरातून पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी आतून रंग उचलतं. त्यानंतर तोंडाकडे बारीक पॉलिश पेपर, पाठीकडे तारेचा ब्रश. तोंडावरची भुकटी गेली की खालचा जुना रंग अजून धट्टाकट्टा निघाला. तो खरवडून काढायचं कारण नाही, चिकटलेला जुना रंग नव्या रंगाला चांगली बैठक देतो. पाठीचा गंज कोपऱ्याकोपऱ्यात, बोल्टच्या भोकांभोवती आणि खालच्या दुमडलेल्या कडेत भरला होता. त्या दुमडीत पाणी साचतं. पुढे कधी छत्री गेलीच, तर तिथूनच जाईल.

जिथे ब्रश पोचला नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर लावला. पांढरट पातळ पदार्थ, गंजावर लावला की तासाभरात काळा होतो. त्यात टॅनिन असतं; ते गंजातल्या लोखंडाशी जुळून काळं, घट्ट, न विरघळणारं संयुग करतं. मामी बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर हिरडा नि हिराकस." बरोबर होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड मिळून पूर्वी काळी शाई आणि कापडाचा काळा रंग व्हायचा. छत्रीच्या पाठीवर तीच शाई होती.

प्रायमरबद्दल एक सावधगिरी. जुना रंग उडून जिथे जस्ताचा करडा पत्रा उघडा पडलाय, तिथे थेट ऑइल पेंट मारू नये. त्यातलं तेल जस्ताशी मिळून साबणासारखा थर करतं आणि वर्षाभरात रंग सालीसारखा सुटतो. आपल्याकडे लोखंड दिसलं की रेड ऑक्साइड ही सवय आहे; गंजलेल्या लोखंडाला ते ठीक, जस्ताला जस्ताचा म्हणून मिळणारा प्रायमर मागून घ्यावा. आणि इपॉक्सी वरच्या हातासाठी वापरू नये. चिकटायला तो उत्तम, पण उन्हात इतरांपेक्षा लवकर भुकटी सोडतो, म्हणजे पुन्हा पांढरा तळवा.

हे सगळं छत्री न काढता केलं. काढून खाली आणली असती तर रंगवायला सोपं गेलं असतं, पण परत लावताना नेम धरणं जिवावर आलं असतं. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची नजर तीनेक अंशांची असते. दीड अंशाने ती ढळली की शक्ती निम्म्यावर येते. दीड अंश म्हणजे किती? छत्रीची वरची कड खालच्या कडेच्या मानाने दीड सेंटीमीटर पुढे-मागे झाली की झालं. ब्रश मारताना छत्रीवर कोपर टेकवलं तरी एवढं होतं. म्हणून सुरुवातीला पाइपावर आणि क्लँपवर मिळून पेनाने एक सलग रेघ मारून ठेवली, आणि सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत दिसणारा सिग्नलचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.

दोन तारखेला धुणं, घासणं आणि प्रायमर. तीनला सकाळी दव वाळल्यावर एक हात, संध्याकाळी दुसरा. चार तारखेला सकाळी पिशवी सोडली, टीव्ही लावला. आकडा कॅलेंडरवरच्या आकड्याशी जुळला. मामांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, गडग्यापलीकडे ऐकू जाईल असा.

तात्या बघायला आले. चहा झाला. कुठलातरी जुना मराठी सिनेमा लागला होता. अकराला दहा-बारा मिनिटं कमी असताना चित्राचे चौकोन पडायला लागले, आवाज तुटला आणि पडदा निळा झाला.

"सांगितलं होतं," तात्या म्हणाले.

मी स्लॅबवर गेलो. ऊन स्वच्छ होतं. राखाडी रंगावर नुसता सपाट उजेड, पण एलएनबीच्या तोंडावर बरोबर मधोमध एक फिकट, आठ आण्याच्या नाण्याएवढा कवडसा पडला होता. उपग्रहाच्या मागे सूर्य आला होता आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात फ्री डिश बुडाली होती. हात लावून पाहिला, प्लॅस्टिक कोमट होतं. खाली येऊन मी हे तात्यांना समजावू लागलो, तोवर मामांनी सेट-टॉप बॉक्सची पिन काढून परत घातली होती, आणि तो सुरू होईपर्यंत सूर्य पुढे सरकला होता. सिनेमा परत लागला. तात्यांच्या मते पिन काढल्यामुळे.